दुचाकीवरचे स्टिकर आणि गम काढताना रंग कसा वाचवायचा

स्टिकर ओढताना रंग सहसा बिघडत नाही. बिघडतो तो नंतर. मागे राहिलेला गम निघेना म्हणून कोणी थिनर ओततो, कोणी ब्लेड फिरवतो, कोणी तेच मळके फडके जोर लावून घासत बसतो, आणि नुकसान तिथे होते. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यातला सगळ्यात वरचा, चकाकी देणारा पारदर्शक क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. पुढची सगळी खबरदारी या एवढ्याशा थरासाठी आहे.

आधी तपासणी

पहिला प्रश्न असा, की स्टिकर रंगावर आहे की क्लिअर कोटच्या खाली? कंपनीचे पट्टे आणि नक्षी पुष्कळदा आधी चिकटवून वरून क्लिअर कोट मारलेली असते. नखाची कड स्टिकरच्या काठावरून हलकेच फिरवा. नख टोकदार कडेला अडकले तर स्टिकर वर आहे आणि तो निघेल. नख गुळगुळीत उंचवट्यावरून सरकून गेले, किंवा काहीच जाणवले नाही, तर तो क्लिअर कोटखाली आहे. शंका राहिली तर टॉर्च तिरपा धरून काठ पाहा. खाली असलेला स्टिकर काढण्याचा एकच मार्ग आहे, घासून पुन्हा रंगवणे, आणि तो या लेखाचा विषय नाही. एकाच गाडीवर टाकीवरचा पट्टा क्लिअर कोटखाली आणि साइड पॅनेलवरचा नुसता चिकटवलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासा.

दुसरा प्रश्न, तो भाग पुन्हा रंगवलेला आहे का? रबरी कडांवर किंवा बोल्टच्या डोक्यावर रंगाचे शिंतोडे, शेजारच्या पॅनेलपेक्षा किंचित वेगळी छटा, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, यांपैकी काही दिसले तर तसे धरून चाला. पुन्हा मारलेला रंग, विशेषतः खाली पुटी असलेला, कारखान्यातल्या भट्टीत पक्क्या झालेल्या रंगाइतका घट्ट धरलेला नसतो. स्टिकरबरोबर रंगाचा पापुद्रा निघून येण्याचे प्रकार बहुतेक अशाच पॅनेलवर घडतात. तिथे ओढणे कमी आणि भिजवणे जास्त.

काही लेबले काढायचीच नाहीत: चासी क्रमांकाची पट्टी, टायरमधल्या हवेच्या दाबाचा तक्ता, चेनच्या ढिलाईची सूचना, सीटखालचे रंगाचा कोड लिहिलेले लेबल. शेवटचे तर पुढे कधी रंग जुळवायची वेळ आली की फार उपयोगी पडते.

सामान

हेअर ड्रायर, चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, प्लास्टिकची खरवडणी किंवा जुने प्लास्टिक कार्ड, दात साफ करायचा दोरा किंवा मासेमारीची बारीक तंगूस, गाडी धुण्याचा शाम्पू, थोडे खोबरेल किंवा कुठलेही साधे तेल, 70 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन. नायट्राइलचे हातमोजे असावेत. घरगुती पातळ रबराचे मोजे रॉकेलने फुगतात आणि फाटतात.

लोखंडी ब्लेड, तारेच्या घासण्या, भांडी घासायची हिरवी जाळी, थिनर, अ‍ॅसिटोन आणि नेलपॉलिश काढायचे द्रव या वस्तू कामाच्या जागेपासून लांबच ठेवा. हाताशी असल्या की कंटाळा आल्यावर वापरल्या जातात.

धुणे

आधी तो भाग आणि आजूबाजूची हातभर जागा धुवून घ्या. एक लीटर पाण्यात 5 ते 10 मिलिलीटर शाम्पू पुरतो. स्टिकरच्या काठाशी धूळ आणि वंगण बसलेले असते. तीच धूळ नंतर मऊ झालेल्या गमात मिसळते आणि फडक्याखाली पॉलिशपेपरचे काम करते. साइड पॅनेल दोन-तीन स्क्रू काढून निघत असेल तर ते सोडवून बाजूला घेऊन काम करा. ते पेट्रोलच्या टाकीपासून लांब होते, शिवाय तेल ब्रेकवर उडण्याचा प्रश्न उरत नाही.

उष्णता: किती आणि कुठे

गम गार असताना कडक असतो, 50 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतो, आणि खूप तापला की पातळ होऊन फाटतो. स्टिकर वर येतो, गम खालीच राहतो. म्हणून जितके गरम तितके बरे, हा समज चुकीचा आहे. ड्रायर 15 ते 20 सेंटीमीटर लांब धरा आणि सतत हलवत 30 ते 60 सेकंद चालवा. पृष्ठभागाला बोटांची मागची बाजू टेकवली तर दोन-तीन सेकंदच सहन व्हावी, इतके पुरे.

हीट गन नको. तिचा झोत शेकडो अंशांचा असतो, आणि बहुतेक पॅनेलचे एबीएस प्लास्टिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडते. वेडेवाकडे झालेले पॅनेल पुन्हा जागेवर नीट बसत नाही.

टाकीसाठी तर ड्रायरही विसरा. त्यात तापलेली तार असते, मोटरमध्ये ठिणग्या असतात, आणि तापलेल्या टाकीतून पेट्रोलची वाफ जास्त बाहेर पडते. तिथे गरम पाण्याचे फडके वापरा. हात जेमतेम बुडवता येईल इतके पाणी, त्यातून पिळलेले फडके स्टिकरवर दोन-तीन मिनिटे, वरून प्लास्टिकचा तुकडा म्हणजे उष्णता टिकते. दोन-तीनदा केले की तेवढाच परिणाम मिळतो. पाणी झाकणाच्या खोबणीत ओतू नका. उन्हात अर्धा तास उभी केलेली गाडीही आयती तापलेली मिळते, फक्त पुढचे द्रावकाचे, म्हणजे गम मऊ करून सोडवणाऱ्या द्रवाचे काम सावलीत आणि पृष्ठभाग गार झाल्यावर करायचे, नाहीतर द्रावक काम करण्याआधीच उडून जाते.

ओढणे

एक कोपरा नखाने किंवा प्लास्टिक कार्डाने उचला. कार्ड जवळजवळ आडवे धरा. उभे धरले की कोपरा रंगात रुततो. सेंटीमीटरभर सुटल्यावर तो भाग मागे दुमडा आणि स्वतःवरूनच परत जात असल्यासारखा, पृष्ठभागाला लगटून ओढा. सरळ वर, काटकोनात ओढले की सगळा जोर रंगाला वर उचलण्यात जातो. वेग अगदी हळू, सेकंदाला अर्धा ते एक सेंटीमीटर. झटका दिला की फिल्म फाटते, आणि उरलेल्या तुकड्याचा नवा कोपरा पुन्हा शोधत बसावे लागते.

ओढताना नजर फिल्म आणि रंग जिथे वेगळे होतात त्या रेषेवर हवी. तिथे गमाचे धागे ताणून रंगावरच राहत असतील तर जास्त तापले आहे. अर्धा मिनिट थांबा. फिल्म कडकड तुटत असेल तर गार पडली आहे, पुन्हा तापवा. रेषेजवळ रंगाला बारीक फुगवटा दिसला किंवा फिल्मच्या पाठीला रंगाचा ठिपका आला, तर तिथेच थांबा. तो भाग कोमट करून परत दाबून बसवा, आणि दुसऱ्या बाजूने काठाखाली तेल मुरवत, ओढ न देता पुढे जा.

हट्टी प्रकार

जुना, उन्हाने तडकलेला विनाइल स्टिकर सगळ्यात त्रासदायक. विनाइल लवचिक ठेवणारा घटक वर्षांच्या उन्हात निघून जातो आणि फिल्म अंड्याच्या टरफलासारखी होते. ती एका तुकड्यात येणार नाही, तसा हट्टही धरू नका. दोन-तीन बोटे रुंदीचा भाग तापवा, प्लास्टिकच्या खरवडणीने जेवढे येईल तेवढे काढा, मग पुढचा भाग. तडा असलेल्या जागी तेल टाकून वीस मिनिटे ठेवले तर ते फटींतून गमापर्यंत पोचते आणि काम हलके होते.

रात्री चमकणारे रिफ्लेक्टिव्ह स्टिकर थरांचे बनलेले असतात. वरचा रंगीत थर निघतो आणि खाली करडा, चमचमणारा थर तसाच राहतो. त्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी असू शकतात, म्हणून तो कधीही कोरडा घासू नका. भिजवून, ओल्यातच उचला.

कागदी स्टिकरला उष्णता नको, पाणी हवे. शाम्पूच्या कोमट पाण्याचे फडके दहा मिनिटे ठेवले की कागदाचा लगदा होतो आणि बोटाने सरकतो.

टाकीवरचा जाड जेलचा पॅड आणि उठावाची अक्षरे यांना खालून दोरा लागतो. टाकीवर गरम पाण्याच्या फडक्याने, इतरत्र ड्रायरने तो भाग चांगला गरम करा. मग दोऱ्याची दोन्ही टोके बोटांना गुंडाळून पॅडच्या काठाखाली घाला आणि करवतीसारखा पुढेमागे ओढा. दोरा फोममधून गेला पाहिजे, रंगाला घासत नव्हे; म्हणून ओढ किंचित पॅडच्या बाजूला ठेवा. पॅड निघाल्यावर उरलेल्या फोमवर तेल लावून अंगठ्याने वळ्या करा. ड्रिलला लावायचे रबरी चाकही फोम काढते, पण ते धातूवरच्या कारखान्याच्या रंगापुरतेच ठेवा. वेग कमी, एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. प्लास्टिकवर, कडांवर आणि पुन्हा रंगवलेल्या भागावर ते घर्षणाने रंग भाजते.

चाकाच्या रिमवरच्या पट्ट्या काढताना गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने फिरवायचे. इंजिन चालू करून चाक फिरवत पट्टी ओढण्याचा उद्योग बोटे चेनमध्ये घालवू शकतो.

गम: खरे काम

सुरुवात फुकटच्या उपायाने करा. नुकत्याच काढलेल्या स्टिकरची चिकट बाजू उरलेल्या गमावर दाबा आणि झटकन उचला. गमाला गम चिकटतो, पातळ थराचा बराच भाग असाच निघतो. साधी चिकटपट्टीही चालते.

उरलेल्यासाठी द्रावक, आणि तेही सौम्यापासून जहालाकडे. आधी तेल: गमावर लावून 15 ते 20 मिनिटे ठेवा. तेलाने गम लगेच विरघळत नाही, हळूहळू मऊ पडून रंगावरची पकड सोडतो, म्हणून वेळ लागतो. रंगाला त्याचा काही त्रास नाही. तेवढ्याने भागले नाही तर रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन. बहुतेक जाड गमासाठी आमची पसंती यालाच. पूर्ण पक्क्या झालेल्या रंगाला ते थोड्या वेळात इजा करत नाही आणि सावकाश उडते. डब्ल्यूडी-40 मध्येही पेट्रोलियम द्रावकच असतात, त्यामुळे हाताशी असेल तर तेही चालेल. बाजारातले गम किंवा डांबर काढायचे द्रव वापरणार असाल तर डब्यावर रंगासाठी सुरक्षित असल्याचे लिहिलेले हवे. अल्कोहोल जाड गमासमोर दुबळे पडते. त्याची जागा शेवटच्या पुसण्यात आहे. प्रत्येक द्रावक आधी टाकीच्या खालच्या बाजूला किंवा सीटखालच्या रंगावर पाच मिनिटे लावून पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. फडक्यावर रंग उतरला किंवा जागा चिकट लागली तर ते द्रावक बाद.

पेट्रोल का नको? काम करते, यात वाद नाही. पण त्याची वाफ चटकन पेटते, आणि ते प्लास्टिकला व कच्च्या रंगाला रॉकेलपेक्षा कितीतरी जास्त झोंबते. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर रंग मऊ करतात आणि एबीएस अक्षरशः विरघळवतात.

पद्धत अशी. फडक्याची घडी करा, त्यावर 5 ते 10 मिलिलीटर रॉकेल घ्या. थेट गाडीवर ओतायचे नाही, कारण ओघळ सांध्यांत आणि रबरात जातात. ओली घडी गमावर ठेवा, वरून प्लास्टिक झाका, तीन ते पाच मिनिटे हात लावू नका. लोक इथेच घाई करतात आणि वेळेचे काम ताकदीने करायला जातात. मग अंगठ्याने गमाच्या वळ्या करा किंवा प्लास्टिक कार्डाने हलके ढकला. सुटलेला गम फडक्याच्या स्वच्छ बाजूने एकाच दिशेने उचलून घ्या, आणि प्रत्येक वेळी घडी बदला. गोल गोल घासले की गम पातळ होऊन चौफेर पसरतो. दोन ते चार फेऱ्या लागणे साहजिक आहे.

शेवटी शाम्पूच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि 70 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये तेवढेच पाणी मिसळून पुसून घ्या. डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी फडके एखाद्या जागी अडखळत असेल तर तिथे अजून गम आहे. तसाच सोडला तर आठवडाभरात धूळ धरून स्टिकरच्या आकाराची काळी रेघ उमटते.

या सगळ्यात तेल, रॉकेल, वॅक्स यांचा थेंबही ब्रेक डिस्क, पॅड, टायर, ग्रिप आणि फुटरेस्टवर जाऊ देऊ नका. डिस्कवर आधीच जुने फडके बांधून ठेवा. तेल प्यालेले ब्रेक पॅड धुऊन भागत नाही, बदलावेच लागतात. रॉकेलची फडकी उघड्यावर पसरून वाळवा, बंद डब्यात कोंबू नका.

जिथे हे नियम बदलतात

मॅट रंगाला चोळणे वर्ज्य. त्याचा मंदपणा पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे असतो. घासले की तेवढी जागा चकाकते आणि ती पुन्हा मॅट करता येत नाही. तेल लावले तर डागही रेंगाळतो. तिथे उष्णता, मग अल्कोहोल-पाण्याचे मिश्रण भिजवून ठेवणे, आणि टिपून घेणे. पॉलिश, कंपाउंड, चकाकीचे वॅक्स काहीही नको.

न रंगवलेले काळे प्लास्टिक, उदाहरणार्थ मडगार्डचा मागचा भाग, रंगाच्या दृष्टीने निर्धास्त असते, पण खरवडल्याचे पांढरे ओरखडे तिथे कायमचे दिसतात. तेल आणि बोटे वापरा, कार्ड नको.

हेडलाइटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि विंडशील्ड पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिकची. चुकीच्या द्रावकाने त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात, तेही कधी कधी काही वेळाने. इथे कोमट साबणपाणी आणि थोडे तेल, लगेच धुऊन टाकणे, बस्स. हेल्मेटला तर साबणपाण्यापलीकडे काहीच लावू नका. द्रावकाने त्याचे कवच आतून कमकुवत झाले तरी वरून कळत नाही.

मागे राहिलेली सावली

गम पूर्ण गेला तरी स्टिकरचा आकार दिसतोच, असे पुष्कळदा होते. कारणे दोन. एक म्हणजे काठाशी अडकलेला मळ. तो डिटेलिंगच्या क्ले बारने, म्हणजे मळ उचलणाऱ्या चिकणमातीसारख्या वडीने, शाम्पूचे पाणी वंगण म्हणून वापरून, निघतो. दुसरे म्हणजे आजूबाजूचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो आणि स्टिकरखालचा जसाच्या तसा. इथे चूक अशी होते की लोक गडद जागा घासत बसतात. घासायची ती बाहेरची, निस्तेज जागा. बारीक पॉलिशचे चार-पाच थेंब फोमच्या पॅडवर घेऊन, हातानेच, बेताच्या दाबाने संपूर्ण पॅनेलवर काम करा. पॅनेलच्या कडा आणि टाकीच्या उठावदार रेषा टाळा, कारण तिथे क्लिअर कोट सगळ्यात पातळ बसलेला असतो. पांढऱ्या फडक्यावर गाडीचा रंग येऊ लागला तर, क्लिअर कोट असलेल्या रंगावर, तो थर संपला असा अर्थ, लगेच थांबा. क्लिअर कोटखालचा रंगच उडालेला असेल तर पॉलिशने फरक कमी दिसेल, जाणार नाही.

चुकून थिनर लागून जागा मऊ किंवा दुधाळ झाली असेल तर पुसू नका, बोटही लावू नका. मऊ रंगावर फडके फिरले की खड्डा कायमचा. निदान 24 तास तसेच राहू द्या, रंग पुन्हा कडक झाला की बारीक पॉलिश करून किती सुधारते ते पाहा.

पॉलिशनंतर वॅक्स लावायचे, पण त्याच जागी नवा स्टिकर बसवायचा असेल तर ते आधी नको, वॅक्सवर गम धरत नाही. अल्कोहोल-पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग स्टिकर बसवून मधून काठाकडे दाबत हवा काढा. त्यानंतर 24 तास गाडी धुऊ नका, कारण गमाची पकड पूर्ण व्हायला एवढा वेळ तरी जातो.